नागपुरात पर्शियन मांजर पाळायचंय? मग विचार मे महिन्यापासून सुरू करा

अमेरिकेच्या टपाल खात्याने ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मांजरांवर चार तिकिटं काढली. प्रत्येक तिकीट २२ सेंटचं आणि प्रत्येकावर दोन जाती. त्यातल्या एका तिकिटावर अमेरिकन शॉर्टहेअरच्या शेजारी पर्शियन आहे. आखूड केसांच्या मांजराशेजारी लांब केसांचं मांजर पाहिलं की दोघांतला फरक लगेच लक्षात येतो. एकाच्या अंगावर चोपून बसलेली लव, तर दुसऱ्याच्या गळ्याभोवती, गालांवर आणि छातीवर दाट झुबका. तो झुबका पाहूनच बहुतेक लोक पर्शियनच्या प्रेमात पडतात. नागपुरात राहणाऱ्यांनी मात्र त्या झुबक्याकडे आणखी एका नजरेने बघायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि हे मांजर तो अंगरखा काढून ठेवू शकत नाही.

म्हणून नागपुरात पर्शियन पाळू नये का? पाळावं, जरूर पाळावं. शांत, घरात रमणारं, उड्या कमी मारणारं, माणसाजवळ बसून राहणारं असं हे मांजर आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणि घरातल्या वयस्कर मंडळींना त्याची सोबत फार चांगली होते. फक्त तयारी मांजर घरी यायच्या आधी करायची, नंतर नाही.

आधी पिल्लू नाही, खोली बघा

फोटो बघायला, फोन करायला सुरुवात करण्याआधी घरातली एक खोली ठरवा. एप्रिल-मेच्या दुपारी दोन ते पाच या वेळात तिथलं तापमान ३० अंशांच्या आसपास रोखता आलं पाहिजे. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो भिंतीवर न टांगता जमिनीलगत, मांजर जिथे झोपेल तिथे ठेवून बघा. वरच्या मजल्यावर स्लॅब तापत असेल तर रात्री दहा वाजताही खोली निवलेली नसते. ही गोष्ट दिवसा लक्षात येत नाही.

खिडकीला कुलर असेल तर कोरड्या उन्हाळ्यात तो पुरतो. वाळ्याच्या ताट्या असतील तर उत्तमच. पण दोन गोष्टी तपासा. पहिली गोष्ट अर्थिंग. होळीच्या सुमारास कुलर बाहेर निघतो, तेव्हाच इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग पाहून घ्या. लोखंडी बॉडीच्या कुलरचा शॉक लागून आपल्याकडे माणसं दगावतात. मांजर तर ओल्या पायांनी त्याला टेकून बसतं. दुसरी गोष्ट टाकी. उघड्या टाकीतलं साचलेलं पाणी पिण्याची मांजरांना भारी आवड, म्हणून टाकीचं तोंड जाळीने झाका. दुपारी वीज गेली तर काय, याचंही उत्तर हवं. इन्व्हर्टरवर कुलर चालत नसेल तर निदान पंखा तरी चालायला हवा, आणि खोलीचे जाड पडदे सकाळी नऊच्या आतच ओढलेले हवेत.

बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी लावा. चौथ्या मजल्यावरून कबुतरावर झेप घेणारं मांजर खालचा रस्ता बघत नाही.

अशी एकही खोली घरात निघत नसेल तर पर्शियनचा विचार सोडून द्या आणि एखादं देशी पिल्लू आणा, असं मी स्पष्ट सांगेन. ते याच हवेत वाढलेलं असतं आणि तितकंच लळा लावतं.

केव्हा आणायचं

दिवाळीचे फटाके संपल्यानंतर संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. या दिवसांत नागपूरची हवा थंड असते, प्रवासाचा त्रास होत नाही. तेव्हा तीन-चार महिन्यांचं असलेलं पिल्लू उन्हाळा सुरू होईपर्यंत सात-आठ महिन्यांचं होतं. तोवर त्याला घराची, तुमच्या हाताची आणि कंगव्याची सवय झालेली असते.

मार्च ते जून या काळात बाहेरगावाहून, विशेषतः बस किंवा रेल्वेच्या पार्सलमधून पिल्लू मागवू नका. विकणारा कितीही खात्री देवो. बंद पेटीत, चपट्या नाकाचं, दाट केसांचं पिल्लू आणि फलाटावरचं ऊन, यातून काहीही होऊ शकतं.

पिल्लू निवडताना

बाजारात तुम्हाला 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' आणि 'ट्रिपल कोट' हे शब्द ऐकू येतील. पहिले तीन चेहरा किती चपटा आहे ते सांगतात. 'ट्रिपल कोट' हा निव्वळ भाव वाढवायचा शब्द आहे. पर्शियनच्या अंगावर वरचे लांब केस आणि आतली मऊ लोकर असते, दाटपणा कमी-जास्त असतो, एवढंच.

नाक जितकं चपटं तितका भाव चढा, हे बाजाराचं गणित. नागपूरच्या हवेत ते नेमकं उलटं करून घ्या. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी अंग थंड करायला ते अंग चाटतं आणि वेळ आलीच तर धापा टाकतं. नाकपुड्या चिंचोळ्या आणि श्वासाची वाट आखूड असेल तर हा शेवटचा उपायही अर्धाच उरतो. जुन्या चित्रांतल्या पर्शियनला चांगलं उठावदार नाक दिसतं. इतका चपटा चेहरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडून निवडून आणला गेला. ब्रिटनमधल्या 'जीसीसीएफ' या मांजरांच्या नोंदणी संस्थेने याला मर्यादा घातली आहे: नाकाची वरची कड डोळ्यांच्या खालच्या कडेपेक्षा वर जाता कामा नये. पिल्लू समोरून बघा आणि ही रेषा स्वतः तपासा. मी तर म्हणेन, याहूनही लांब नाकाचं डॉल फेस पिल्लूच घ्या.

मग पिल्लू झोपलेलं असताना त्याच्याजवळ कान न्या. घुरघुर, शिट्टीसारखा आवाज किंवा उघडं तोंड दिसलं तर तिथूनच परत फिरा. डोळ्यांतून थोडं पाणी येणं या जातीत नेहमीचं आहे, पण पिवळा-हिरवा चिकट स्राव म्हणजे आजार. अंगावर केस गेलेले गोल चट्टे आहेत का, हेही केस फुंकरून बघा.

पिल्लाची आई बघायला मागा. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तो व्यवहार करू नका. आई-वडिलांच्या 'पीकेडी' तपासणीबद्दल जरूर विचारा. या आजारात मूत्रपिंडात पाण्याने भरलेल्या गाठी होतात, आणि त्या वर्षानुवर्षं वाढत जाऊन मूत्रपिंड निकामी करतात. पर्शियनमध्ये हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, त्यामुळे एक पालक बाधित असेल तर साधारण निम्म्या पिल्लांना तो होतो. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन जनुकीय चाचणी कोणत्याही वयात करता येते. मांजर दहा महिन्यांचं झाल्यावर सोनोग्राफीतही गाठी बहुतेक वेळा दिसतात.

एक नेहमीची फसवणूक सांगतो. 'आई पर्शियन, बाप साधा, म्हणून स्वस्त' असं सांगून लांब केस येतील या आशेवर पिल्लं विकली जातात. लांब केसांचं जनुक दोन्ही बाजूंनी आलं तरच केस लांब होतात. बाप आखूड केसांचा देशी बोका असेल तर पहिल्या पिढीतली पिल्लं बहुधा आखूड केसांचीच निघतात. पिल्लू गोड असेल तर खुशाल घ्या, पण पर्शियनचे पैसे देऊ नका. पांढरं शुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असं पिल्लू बहिरं असण्याची शक्यता बरीच असते. त्याच्या मागे टाळी वाजवून बघा. बहिरं पिल्लूही छान वाढतं, फक्त त्याला कधीच बाहेर सोडायचं नाही.

बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. हौसेने आणलेली पर्शियन मांजरं दोन-तीन वर्षांत केस विंचरण्याच्या कंटाळ्याने, बदली झाली म्हणून, घरात बाळ आलं म्हणून लोक दुसऱ्याला देऊन टाकतात. असं मोठं मांजर घेतलं तर त्याचा स्वभाव आणि तब्येत आधीच कळते, नागपूरचे एक-दोन उन्हाळे त्याने काढलेले असतात, आणि एका जिवाची आबाळ थांबते.

पहिला आठवडा

ठरवलेल्या एकाच खोलीत ठेवा. लिटरची पेटी, म्हणजे शी-शूसाठी खडे भरलेला ट्रे, एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. आधीच्या घरी जे खात होतं तेच पहिले आठ-दहा दिवस द्या, बदल हळूहळू करा. शेजारीपाजारी, मुलांचे मित्र यांना थोडं थांबायला सांगा. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे दाखवून जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक ठरवून घ्या. तीन आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. मांजर घराबाहेर पडत नाही म्हणून रेबीजची लस टाळू नका.

विंचरणं: रोज, न चुकता

पर्शियन पाळणं म्हणजे मुख्यतः विंचरणं. रोज दहा-पंधरा मिनिटं. रविवारी एकदम तासभर बसू असं म्हणणाऱ्याचं मांजर महिन्याभरात न्हाव्याच्या मशीनखाली जातं.

लांब, गोल टोकांच्या दातांची स्टीलची कंगवी लागते, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांची. नुसता ब्रश फिरवला की वरचे केस चमकतात आणि आत गुंता तसाच राहतो. मांजर पोटभर खाऊन सुस्तावलं असेल ती वेळ निवडा. मांडीवर टॉवेल घ्या, त्यावर मांजर. सुरुवात पाठीवरून, कारण ते त्याला आवडतं. मग कानांच्या मागे, काखेत, पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला. गुंता होतो तो या चार जागी. शेपूट सगळ्यात शेवटी आणि अगदी हलक्या हाताने, कारण तिथले तुटलेले केस परत यायला फार वेळ लागतो.

गुंता डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागतो. आमच्या मांजरीच्या, रेवाच्या, कानामागे बोटं घातली की ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आधी चिमटीत येते. केसांचं मूळ एका हाताने कातडीजवळ घट्ट धरायचं, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने कंगवीचं टोक गाठीच्या बाहेरच्या कडेला घालून थोडे थोडे केस मोकळे करायचे. चिमूटभर कॉर्नफ्लोर भुरभुरलं की केस सुटायला मदत होते. हे त्याच दिवशी केलं तर अर्ध्या मिनिटाचं काम. आठ दिवस तसंच राहिलं तर त्याची कातडीला चिकटलेली जट होते, आणि मांजर कुणाला तिथे हात लावू देत नाही.

जट कात्रीने कापू नका. जटेबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती कागदासारखी पातळ असते. कात्री कुठे लागली हे रक्त आल्यावरच कळतं. ते काम मशीनने, डॉक्टरांकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे करून घ्यायचं.

उन्हाळा आला म्हणून सगळे केस कातडीपर्यंत भादरून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. उघड्या कातडीला ऊन आणि डास दोन्ही लागतात. पोटाखालचे, काखेतले आणि शेपटीखालचे केस आखूड करून घ्या. पोट थंड फरशीला टेकलं की अंगातली उष्णता तिथून जाते, आणि शेपटीखाली स्वच्छता राहते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, मांजरांच्या शांपूने, कोमट पाण्याने. अंग मुळापासून कोरडं होईपर्यंत सोडायचं नाही. डोळ्यांखालची ओल रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने टिपा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

खाणं आणि पाणी

दूध-भात, दूध-पोळी यावर मांजर जगवता येत नाही. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातून मिळावंच लागतं, आणि ते मांसातच असतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरी मांसाहार चालत नसेल तर मांजरांसाठी बनवलेलं तयार खाद्य वापरा, पण मांजराला शाकाहारी करायचा हट्ट धरू नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. रविवारच्या सावजी रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. त्यात कांदा-लसूण मुरलेला असतो आणि त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बिनमसाल्याचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन वेगळं काढून द्या.

नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेलं मांजर पाणी कमी पितं. चार किलोच्या मांजराच्या पोटात अन्नातलं धरून दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी जायला हवं. म्हणून उन्हाळ्यात एक वेळ तरी ओलं खाद्य द्या. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, पसरट तोंडाची ठेवा. मातीच्या परळातलं पाणी गार राहतं आणि मांजरं ते आवडीने पितात. बोका लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग बंद झालेला बोका दोन दिवसांत जातो.

नवतपा आणि त्याच्या आगेमागे

मार्चच्या मध्यापासून दिनक्रम बदला. खेळणं आणि विंचरणं सकाळी सातच्या आत किंवा रात्री. दुपारचं खाणं हलकं. कपड्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली त्याच्या जागेजवळ ठेवा, त्याला हवं तेव्हा ते टेकेल.

उन्हाळा वाढला की रेवा उशी सोडून पॅसेजमधल्या कोटा फरशीवर येते आणि मागचे पाय लांब करून पोट जमिनीला चिकटवून पडते. इथपर्यंत ठीक. मांजर स्वतःची काळजी घेतंय. पण तोंड उघडं ठेवून कुत्र्यासारख्या धापा टाकणं हे मांजरात सहसा दिसत नाही, आणि दिसलं तर धोक्याचं समजा. लाळ गळणं, हिरड्या लालभडक होणं, चालताना झोक जाणं, उलटी होणं ही त्यापुढची लक्षणं. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४० च्या वर गेलं की आतले अवयव भाजायला लागतात.

अशा वेळी मांजर लगेच गार खोलीत न्या. साध्या नळाच्या पाण्याने पोट, काखा, पंजे आणि कान भिजवा, केस बाजूला करून पाणी कातडीपर्यंत पोहोचवा आणि पंखा लावा. नागपूरच्या नळाला दुपारी गरम पाणी येतं, तेव्हा माठातलं किंवा साठवलेलं वापरा. बर्फ किंवा बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आणि मांजर दहा मिनिटांत सावरलं तरी डॉक्टरकडे न्याच, कारण मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

मृग लागल्यावर

पाऊस आला की लोक सुस्कारा सोडतात. पर्शियनसाठी मात्र जून-जुलै वेगळी काळजी घेऊन येतो. हवेत दमटपणा वाढला की कुलर खोली गार करत नाही, उलट ओल वाढवतो. या दिवसांत कुलर बंद करून पंखा, किंवा जमलं तर एसीचा कोरडा मोड लावा.

दाट केस ओलसर राहिले की आत बुरशी धरते. या जातीत बुरशीचा गोल चट्टा फार लवकर होतो आणि तो माणसालाही होतो. लहान मुलाच्या हातावर गजकर्ण उठलं तर मांजराच्याही कानामागे आणि पंजांवर बघा. मेडिकलमधून स्वतःसाठी आणलेलं मलम मांजराला लावू नका, ते चाटून पोटात जातं.

घरात लपलेलं विष

फिनाइलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. असली औषधं पचवायची ताकद त्याच्या यकृतात नसते. मांजर असलेल्या घरात फिनाइल बंद. डांबरगोळ्या कपाटात, आणि कपाट बंद. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तरी मांजर मरू शकतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला जीवघेणं आहे. फुलदाणीत लिली ठेवत असाल तर ती सवय सोडा, तिचे परागकण पोटात गेले तरी मूत्रपिंडं बंद पडतात.

डॉक्टर कुठे

नागपूरला एक मोठा आधार आहे. सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या रुग्णालयात पाळीव प्राणी तपासले जातात. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही आपल्याच शहरात. याशिवाय घराजवळचा, रात्री फोन उचलणारा एक खाजगी डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. त्यांना एकच प्रश्न विचारा: चपट्या नाकाच्या मांजराला भूल दिली आहे का? कारण पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी करायची आहे, आणि अशा मांजरांना भूल देताना श्वासाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. ही शस्त्रक्रिया उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीतच उरकून घेतलेली बरी.

मेमध्ये लग्नसराई आणि शाळेच्या सुट्ट्या एकत्र येतात आणि घराला कुलूप लागतं. शेजारी रोज एकदा येऊन खाणं टाकेल, ही व्यवस्था त्या महिन्यात चालत नाही. वीज गेल्याचं त्यांना संध्याकाळीच कळेल. मांजराला ओळखणारं कुणीतरी तुमच्या घरी मुक्कामाला यायला हवं, किंवा कुलर असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे त्याला आधी एप्रिलमध्ये दोन दिवस राहायला पाठवून बघायला हवं. फ्रिजवर कागद लावा: खाण्याचं प्रमाण, कुलरमध्ये पाणी भरायच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, आणि मोठ्या अक्षरांत, तोंड उघडं ठेवून धापा टाकताना दिसलं तर आधी पाणी लावा, मग आम्हाला फोन करा.